खणात राहिलेली कार्डे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुला गाडीत बसवून घरी आलो, तर तुझ्या टेबलाच्या खणात रबरबँड लावलेला इंग्रजी शब्दांच्या कार्डांचा गठ्ठा तसाच राहिलेला दिसला. सर्वांत वर 'एनर्व्हेट' होते. त्याच्या मागे तू आधी 'उत्साह आणणे' असे लिहिले आहेस आणि मग ते खोडून, आईसारख्याच कलत्या अक्षरात, 'गलितगात्र करणे' असे केले आहेस.

"रोज पन्नास शब्द घोकून काय मिळवणार आहेस?" असे काल रात्री मी बोलायला नको होते. मला विचारायचे होते ते निराळेच. हल्ली इंग्रजी बोलताना तू मध्येच थांबतेस. परवा मुलाखतीचा सराव करताना 'टायर्ड' हा शब्द ओठांवर आलेला मला दिसला, तो गिळून तू दुसरा भारदस्त शब्द शोधत राहिलीस आणि वाक्य अर्धवटच राहिले.

ती खाडाखोड मी वेळेवर केली नव्हती. साहेबांच्या निरोप समारंभात, तुमच्या सहवासाने आम्ही सारे 'एनर्व्हेट' झालो, असे मी उभे राहून मोठ्या आवाजात सांगितले होते. 'एनर्जी'शी त्याचे नाते असणार, असे मी धरून चाललो होतो. वास्तविक लॅटिनमधील 'नेर्व्हुस' म्हणजे स्नायुबंध, आणि आरंभीचा 'ए' तो काढून घेतल्याचे सांगतो. त्यानंतर बैठकीत इंग्रजीत तोंड उघडायला मला किती वर्षे लागली, ते आईला विचार. काकाने ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली आहे.

म्हणून म्हणतो, शब्द सुटा पाठ करू नकोस, त्याचे कूळ पाहा. 'व्होल' म्हणजे इच्छा, हे एकदा कळले की भले इच्छिणारा 'बेनेव्होलंट', वाईट इच्छिणारा 'मलेव्होलंट' आणि इच्छाशक्ती म्हणजे 'व्होलिशन' हे एकमेकांचा हात धरून येतात. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विस्मरण मोजले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठांतरातील बरेचसे पहिल्या दिवसातच गळते, हे त्यात दिसले. तेव्हा एका रात्रीत पन्नास शब्द करण्यापेक्षा दहाच शब्द दिवसाआड पुन्हा काढून बघ. शिवाय तुझ्या त्या जीआरईमधून, म्हणजे परदेशी पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेतून, सुटे विरुद्धार्थी शब्द २०११ सालीच गेले. आता रिकामी जागा भरायची ती भोवतालचे वाक्य वाचूनच.

हे व्याख्यान झाले, क्षमा कर. तू समोर असतीस तर एव्हाना उठून गेली असतीस.

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला नव्हे, निःपक्षपाती, हे तू मला समजावलेस त्या दिवशी मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकले न ऐकल्यासारखे केले होते. दुसऱ्या दिवशी मात्र कार्यालयात चौघांना ते ऐकवले आणि 'आमच्या मुलीने सांगितले' हेही जोडले. तेव्हा तू न थांबता बोलत होतीस. आताच तुला थांबायला काय झाले? पुन्हा तेच विचारतो आहे, मला कळते.

कार्डे उद्या पाठवतो. 'एनर्व्हेट'चे तेवढे माझ्याकडे ठेवून घेतले आहे.

तुझा,
बाबा