मॅडम, यादीतल्या रिकाम्या रकान्यांसाठी थँक्यू

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. बागेच्या फलकावर 'मार्गदर्शन' म्हणून तुमचं नाव घालायचं ठरलं होतं तेव्हा तुम्ही जो चेहरा केला होतात तो अजून लक्षात आहे. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितोय, कारण आमच्यासारखे हौशी लोक कुठल्या ना कुठल्या बागेत हातात टेप आणि मोबाईल घेऊन झाडांची यादी करत फिरत असणार, आणि मी ज्या खड्ड्यांत पडलो त्याच खड्ड्यांकडे तेही आनंदाने चाललेले असणार.

आमच्या बागेतल्या झाडांची यादी बघायला तुम्ही पहिल्यांदा आलात तो रविवार आठवतो का? मी तर जाम खुशीत होतो. एका आठवड्यात १४० झाडांना नावं दिली होती, मोबाईलमधल्या अ‍ॅपवर पानाचा फोटो टाकायचा, वर जे पहिलं नाव येईल ते एक्सेलमध्ये चिकटवायचं, पुढचं झाड. प्रिंट काढून, क्लिप लावून तुमच्या हातात दिली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही दोन पानं उलटलीत आणि विचारलंत, "हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं मीच. "कशावरून?" पानावरून. "आणि फूल?" फूल नव्हतं तेव्हा. यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, पर्समधून पेन्सिल काढलीत आणि नावाच्या रकान्यापुढे चार रकाने आखलेत: कोणी ओळखलं, कधी ओळखलं, काय बघून ओळखलं, किती खात्री. एवढंच. मग म्हणालात, हे चार भरता येत नसतील तर नावाचा रकाना रिकामा ठेव.

खरं सांगतो, त्या दिवशी घरी जाऊन मी चिडचिड केली. १४० पैकी फक्त ३८ नावं टिकली हो! बाकीच्या ओळींत नुसतं कूळ नाहीतर प्रजाती (जीनस), पुढे 'एसपी.', म्हणजे नेमकी जात ठरलेली नाही, आणि प्रश्नचिन्ह. यादी अशी दिसायला लागली जशी काही कोणी कामच केलं नाही.

मग अशोकाचं प्रकरण झालं. जुन्या रजिस्टरमध्ये 'अशोक – ३१' असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं आणि मी सगळ्या ३१ झाडांपुढे खऱ्या अशोकाचं लॅटिन नाव, साराका असोका, असं ओढून टाकलं होतं, एक्सेलमध्ये सेल पकडून खाली ओढलं की काम झालं, तो चौकोन म्हणजे सैतानाचं बोट आहे असं माझं आता मत झालंय. तुम्ही मला कुंपणाच्या कडेने नेलंत. सरळसोट उंच झाडं, लांबट पानं, पानांच्या कडा लाटांसारख्या, एकेक पान सुटं. "हा अशोक?" मग मागच्या कोपऱ्यातलं एक दाखवलंत, पसरट, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या, कोवळी पालवी तांबूस आणि मान टाकल्यासारखी लोंबणारी, आणि फांदीलाच लगडलेले केशरी-लाल फुलांचे गुच्छ. तो सीता अशोक. असे आपल्याकडे निघाले ३. बाकीचे २८ आसुपालव, ज्याला लोक सर्रास अशोक म्हणतात आणि ज्याचा खऱ्या अशोकाशी नात्यागोत्याचाही संबंध नाही, सीता अशोक शेंगांच्या कुळातला आणि आसुपालव सीताफळाच्या. म्हणजे रजिस्टर लिहिणाऱ्याने तरी चूक कुठे केली, त्याने लोक म्हणतात ते लिहिलं. चूक माझी, की मी त्या बोलीतल्या नावावर लॅटिन नावाचा शिक्का मारून ते पक्कं केलं.

आणि त्याच आसुपालवाने पुढे मला परत एकदा गाठलं. मी पॉलिअल्थिया लाँजिफोलिया लिहिलं, जुन्या पुस्तकांत तेच आहे, आणि तुम्ही म्हणालात २०१२ पासून मोनून लाँजिफोलियम म्हणतात. मी वैतागलो होतो तेव्हा. म्हटलं हे शास्त्रज्ञ लोक नावं बदलत बसणार आणि आम्ही पाट्या बदलत बसायचं का? तर तुम्ही बाकावर बसून बाभळीची गोष्ट सांगितलीत. ती मी त्यानंतर किमान दहा जणांना ऐकवलीय, आता इथे परत ऐकवतो, चुकलं तर रागवा.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस याने १७५३ मध्ये, म्हणजे ज्या साली वनस्पतींच्या नावांचं अधिकृत मोजमाप सुरू होतं त्याच साली, बाभळीला मिमोसा निलोटिका म्हटलं. पुढे ती अकेशिया निलोटिका झाली आणि दीडदोनशे वर्षं तशीच राहिली. मग लक्षात आलं की अकेशिया म्हणून जी हजारभराच्या वर झाडं एका टोपलीत भरलीत ती एका घराण्यातली नाहीतच, टोपली फोडावी लागणार. आता नाव कोणाकडे राहणार? नियमाने ते आफ्रिका-आशियाकडच्या बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं, पण ऑस्ट्रेलियातल्या जाती जवळजवळ हजार, त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा नावाचा नमुनाच (म्हणजे ज्या जातीला ते नाव बांधलेलं असतं ती) बदलूया असं २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ठरलं, त्यावर प्रचंड भांडणं झाली आणि २०११ मध्ये मेलबर्नला तेच कायम झालं. म्हणून आपली बाभूळ आता व्हाचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कटेचू, आणि रस्त्याकडेला लावलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अजून दिमाखात अकेशिया. आणि गंमत म्हणजे अकेशिया हा शब्द प्राचीन ग्रीकांनी इजिप्तमधल्या ज्या काटेरी झाडासाठी वापरला ते झाड म्हणजे ही बाभूळच! घर हिचं, पाटी दुसऱ्याची. मला हे अजूनही अन्यायाचं वाटतं, तुम्ही हसता, हसा.

पण त्या गोष्टीनंतर तुम्ही जे सांगितलंत ते कामाचं होतं: जुनं नाव पुसू नकोस, शेजारच्या रकान्यात सरकव. उद्या कोणी जुनं पुस्तक घेऊन आलं तर त्याला त्याची बाभूळ सापडली पाहिजे. आणि झाडावरचा नंबर मात्र नावाशी बांधायचा नाही. नाव बदलेल, नंबर बदलणार नाही. लावल्याचं किंवा नोंदीत आल्याचं साल, पुढे अनुक्रमांक, बस. मी आधी किती हुशारीने 'गुल-०१, गुल-०२' असे नंबर दिले होते आणि गुल-०७ पीतमोहर निघाला होता हे कृपया कोणाला सांगू नका. (सांगितलंच मी स्वतः.)

घेराचा गोंधळ तर विसरूच शकत नाही. आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी १.३ मीटर उंचीवर टेप लावून घेर लिहिला, उरलेल्या अर्ध्यांना कोणीतरी व्यास लिहायला सांगितलं होतं, रकान्याचं नाव नुसतं 'माप'. दुसऱ्या वर्षी परत मोजलं तर एक भलामोठा पर्जन्यवृक्ष वर्षभरात तिपटीने बारीक झालेला. मी घाबरून तुम्हाला फोन केला की झाडाला काहीतरी रोग झालाय. तुम्ही पलीकडून फक्त "३.१४ ने गुण" म्हणालात आणि फोन ठेवलात. रकान्याच्या डोक्यावर 'घेर, सेंमी' एवढे दोन शब्द आधीच लिहिले असते तर तीन रविवार वाचले असते.

मोबाईलच्या जीपीएसचंही तेच. दाट सावलीत तो पाचदहा मीटर इकडेतिकडे सहज भरकटतो, नकाशावर आमची चार झाडं तळ्यात उभी होती. तुम्ही दोन दिव्यांचे खांब पकडायला लावलेत, दोन्हीकडून झाडापर्यंत टेप, दोन अंतरं लिही, शिवाय झाड त्या खांबांच्या रेषेच्या कुठल्या बाजूला तेही लिही, झाड कुठे जातंय.

पाट्यांबद्दल जास्त लिहीत नाही, खिळा ठोकून पक्की बसवलेली पाटी खोड हळूहळू गिळतं आणि तार गुंडाळली तर तीच फास होते, हे पाहिल्यावर समजलंच. आता स्क्रूवर स्प्रिंग, खोड जाड झालं की पाटीला बाहेर सरकायला जागा. आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बॉलपेनने दाबून लिहायचं, शाई उडाली तरी खाच राहते. साधी गोष्ट, पण मी त्याआधी दोनदा परमनंट मार्करच्या पाट्या लावल्या होत्या आणि त्या मार्करची परमनंटची व्याख्या फार वेगळी होती.

तुम्ही माझ्यावर खरंच रागावलात असं एकदाच झालं. वादळात पडलेली आणि आधीच वाळलेली मिळून १७ झाडं मी यादीतून डिलीट केली होती, म्हटलं यादी कशी अपडेटेड पाहिजे. तुमचा आवाज चढला नाही पण तुम्ही मला 'अहो' म्हणायला लागलात, आणि ते फारच वाईट होतं. अहो, मेलेल्या झाडाची ओळ जिवंत झाडाइतकीच लागते. कधी गेलं, कशाने गेलं, तिथे आधी काय होतं, ही जात या जमिनीत किती वर्षं टिकते हे दुसरीकडे कुठून कळणार? आणि रिकामा झालेला नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, कधीच नाही. नशीब, जुनी फाईल मेलमध्ये पडलेली होती म्हणून सतराही ओळी परत आल्या.

त्या दिवशी तुम्ही लंडनच्या क्यू बागेतल्या त्या सायकॅडबद्दल (ताडासारखं दिसणारं, फार प्राचीन घराण्यातलं झाड) सांगितलंत, फ्रान्सिस मॅसनने दक्षिण आफ्रिकेतून आणलेला, १७७५ पासून कुंडीत असलेला. आणि इटलीतल्या पाडुआच्या बागेतला १५८५ चा ताडवर्गातला वृक्ष. झाडं म्हातारी आहेत म्हणून ती साली माहीत नाहीत, कोणीतरी त्या त्या वेळी लिहून ठेवलं आणि पुढच्यांनी ते फेकलं नाही म्हणून माहीत आहेत. तिसरं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागलं, वुडच्या सायकॅडचं. १८९५ मध्ये जंगलात एकच झाड सापडलं, तेही नर, मादी आजतागायत कोणाला दिसलेली नाही, जगभरातल्या बागांमधलं त्या जातीचं प्रत्येक झाड त्या एकाचीच फुटवे काढून केलेली नक्कल. हे छातीठोक सांगता येतं ते कोणतं रोप कुठून आलं याची नोंद आहे म्हणूनच.

मग आपल्या झाडांच्या मूळस्थानाचा रकाना भरायला बसलो. बागा एकमेकींना माहिती देताना वापरतात ती अक्षरं तुम्ही शिकवलीत: थेट जंगलातून आणलेलं असेल तर डब्ल्यू, जंगलातल्या झाडापासून बागेत वाढवलेलं तर झेड, लागवडीतलंच तर जी, आणि माहीत नसेल तर यू. मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो. पानभर नुसतं यू, यू, यू. लाजच वाटत होती. तुम्ही म्हणालात, खोटा जी लिहिण्यापेक्षा खरा यू बरा. आणि मग तुम्ही उठून माळीकाकांकडे गेलात. इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं, आम्ही त्यांना फक्त शिडी मागायचो! त्यांना साल एकही सांगता आलं नाही पण क्रम सगळा पाठ होता, ही ओळ नळ बसवायच्या आधीची, ती दोन झाडं नळानंतर, तो बहावा जुनं फाटक होतं तेव्हा कमरेएवढा होता. तुम्ही ते जसंच्या तसं लिहून घेतलंत, 'माळीकाकांच्या सांगण्यावरून, नळाआधी.' नळाचं साल पुढे बागेच्या एका जुन्या कागदात सापडलं आणि २३ झाडांना एका दमात वयाची एक बाजू मिळाली. 'कोणी सांगितलं' या रकान्यात आता त्यांचं नाव आहे, प्रोफेसर लोकांच्या नावांच्या मधोमध, आणि ते त्यांनी दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

दाबून वाळवलेल्या नमुन्यांचे कागद रोज बदलायचा कंटाळा मी अजूनही करतो, हे कबूल. पण फुलाचा रंग तोडतानाच लिहितो, वाळल्यावर सगळंच चहाच्या रंगाचं होतं. आणि शीटवर झाडाचाच नंबर घालतो, म्हणजे माझी ओळख चुकली तरी पुढचा माणूस नमुना बघून ती सुधारू शकेल.

आज यादीत ४१६ ओळी आहेत. २९० नावं खात्रीची, बाकीच्यांत तुमची प्रश्नचिन्हं. बागेत येणारे लोक विचारतात की एवढी का राहिलीत, आणि पूर्वी मी सारवासारव करायचो, आता सांगतो की हा पांगाऱ्याच्या प्रजातीतला आहे एवढं नक्की, पुढचं फूल आल्यावर बोलू. काही लोक हिरमुसतात. एक मुलगी मात्र प्रत्येक सुट्टीत येऊन फुललाय का विचारून जाते.

तुम्ही आम्हाला फार नावं सांगितली नाहीत, मॅडम. मी मोजली, अख्ख्या यादीत 'कोणी ओळखलं' खाली तुमचं नाव फक्त ५२ वेळा आहे. तुम्हाला त्याहून कितीतरी जास्त येत होती हे मला माहितीये, कारण झाडापाशी उभं राहून तुम्ही गप्प बसायचात आणि आम्ही पुस्तकात चाचपडत बसायचो तेव्हा तुमच्या डोळ्यांत दिसायचं. तेव्हा राग यायचा. त्या गप्प बसण्याबद्दल खूप खूप थँक्यू.

हो, आणि २१२ नंबरला कळ्या आल्यात. तोच, तळ्यामागचा, ज्याच्यावरून आपल्यात पैज लागली होती. मी नाव लिहिलेलं नाही अजून, रकाना रिकामाच आहे. तुमचं दहा पटीचं भिंग माझ्याकडेच राहिलंय, ते आणून देणार होतो, पण त्यापेक्षा तुम्हीच या ना, या आठवड्यात उमलतील.

तुमचा,
सैतानाच्या बोटाने एक्सेल ओढणारा