तात्या, आपल्या ओढ्याच्या विजेला मंजुरी मिळाली

आदरणीय तात्यांना,
सप्रेम नमस्कार.

ओढ्याच्या पाण्यावर वीज करायला वनजमीन वापरण्याच्या मंजुरीचं पत्र हातात आलं. उपवनसंरक्षकांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. सरपंचांनी ते पंचायतीत मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि पहिला फोन तुम्हालाच लावला. तुम्ही नेहमीसारखं "बरं झालं, आता कामाला लागा" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. आभार मानायला तुम्ही जागाच ठेवत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. पाटण-जावळीच्या डोंगरात बारमाही ओढा उशाशी असलेल्या कितीतरी वाड्या आहेत. त्यांनाही कळू दे, ही मंजुरी कशी मिळते आणि आम्हाला ती कोणामुळे मिळाली.

आमचा तालुका कोयनेचा. 1,960 मेगावॅटचा प्रकल्प आमच्या डोंगरातला, वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्याही आमच्याच तालुक्यातल्या. पण मृग लागला की गणपतीपर्यंत वाडीत वीज टिकेल याचा भरवसा नसतो. वाऱ्यापावसात झाड पडतं, तार तुटते, रस्त्यावर दरड येते. लाईनमन बिचारा चिखल तुडवत चालत येतो, जोडून जातो, पुन्हा दुसरीकडे तुटतं. दळण डोक्यावर घेऊन बायका खालच्या गावाला उतरतात आणि पाऊस चुकवत पुन्हा चढून येतात. दहावीची पोरं मोबाईलच्या उजेडात अभ्यास करतात, तेही चार्जिंग उरलं असेल तर. आणि एवढ्या सगळ्यात ओढा मात्र रात्रंदिवस धो धो वाहत असतो. त्यावर काही करता येईल का, हे बचत गटाच्या बैठकीत कितीदा तरी निघालं होतं. करायचं कसं आणि विचारायचं कोणाला, तिथं गाडी अडायची.

तुम्ही पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले, कराडला घरी आरामात बसू शकला असता. पहिल्यांदा आलात तेव्हा पिशवीत प्लायवूडची एक फळी होती. मधोमध काटकोनात कापलेली खाच, कडेला सेंटिमीटरची पट्टी. ओढ्यात दगड, माती आणि प्लॅस्टिकचा कागद लावून ती फळी आडवी बसवलीत, सगळं पाणी त्या खाचेतून जाऊ दिलंत आणि मग बराच वेळ नुसते बसून राहिलात. पाणी स्थिरावल्यावर मला खाली वाकून पट्टी वाचायला लावली. तेवीस सेंटिमीटर. वहीत आकडेमोड करून म्हणालात, "सेकंदाला पस्तीस लिटर." दिवाळी नुकतीच झाली होती. मग गवंड्याची लेव्हल-नळी घेऊन आपण वरच्या खडकापासून खालच्या जुन्या खळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने उतरलो. उंचीचा फरक भरला चाळीस मीटर. वाडीतल्या पोरांना तुम्ही तिथंच गणित घातलंत: पाणी गुणिले उंची गुणिले 9.81, आणि त्यातलं साठ टक्केच हाती लागतं असं धरायचं. तीस लिटर घेतलं तर सात किलोवॅट. पाच अश्वशक्तीची गिरणी दिवसा चालेल, संध्याकाळी शाळा, समाजमंदिर, रस्त्यावरचे दिवे आणि घरटी दोन बल्ब. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

इथंच दुसरा कोणी असता तर सात किलोवॅटचा अर्ज लिहून मोकळा झाला असता. तुम्ही म्हणालात, चैत्रात परत मोजायचं. एप्रिलमध्ये तीच फळी, तीच जागा, पट्टीवर बारा सेंटिमीटर. म्हणजे सात लिटर. त्यातले दोन लिटर ओढ्यातच सोडायचे, कारण मधल्या डोहावर गुरं पाण्याला येतात. उरलेल्या पाच लिटरमध्ये जेमतेम एक किलोवॅट. गिरणी बंद, फक्त दिवे. आमचे चेहरे पडले होते हे खरं, पण अर्जात तुम्ही दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेत, महिन्यांसकट. वन खात्याची माणसं पाहणीला आली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी उन्हाळ्याचंच विचारलं. डोहात पाणी राहणार का, जनावरं कुठं जाणार. उत्तर कागदावर तयार होतं. त्यानंतर त्यांच्या बोलण्याचा सूरच बदलला. खालच्या वाडीच्या शेतकऱ्यांचंही तसंच झालं. भाताला पाणी कमी पडेल म्हणून ते विरोधात होते. पाणी पाईपमधून खाली येऊन वीज करणारं चाक फिरवून पुन्हा त्यांच्या बांधाच्या वरच ओढ्यात पडणार, एक थेंबही खर्च होणार नाही, हे तुम्ही त्यांना जागेवर नेऊन दाखवलंत.

आता कायद्याचं सांगते, कारण दुसऱ्या वाड्यांना उपयोग होईल. पाईपची वाट वनजमिनीतून जाते, म्हणून सगळे म्हणायचे, दिल्लीपर्यंत फाईल जाणार, आपल्या हयातीत काही होत नाही. तुम्ही 2006 चा वन हक्क कायदा घेऊन आलात आणि कलम 3(2) वर बोट ठेवलंत. गावाला लागणाऱ्या तेरा सुविधांसाठी, प्रत्येकी एक हेक्टरच्या आत वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरच्या वर झाडं तुटणार नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर जमीन देता येते. शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ते यांच्याच यादीत अपारंपरिक ऊर्जाही आहे. हेक्टरात साधारण शंभर गुंठे बसतात, आपल्याला लागत होते चार. मात्र या सुविधा शासनाने चालवलेल्या असाव्यात असं त्याच कलमात आहे. म्हणून अर्ज वाडीतल्या मंडळाच्या नावाने नको, ग्रामपंचायतीच्या नावाने करा, आणि रोजचं काम बघायला पंचायतीचीच समिती नेमा, हे तुम्ही पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलंत. तेवढ्या एका सल्ल्यावर आमचं किती वर्षांचं काम वाचलं असेल, देव जाणे.

पुढचा डोंगर गणपूर्तीचा. वन हक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. बायांची चिंता नव्हतीच, वाडी बायाच चालवतात. पण निम्मी वाडी नवी मुंबईत माथाडी कामाला. घणसोली-कोपरखैरण्यात आमच्याकडची जितकी माणसं भेटतील तितकी इथं भेटत नाहीत. निम्मे सभासद जमवायचे कुठून? तुम्ही विचारलंत, "तुमची यात्रा कधी असते?" झालं! ग्रामसभा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. पालखी उठली, जेवणं झाली, मुंबईकरांची गाडी संध्याकाळची. बचत गटाच्या बायका सकाळपासून घरोघर फिरून एकेकाला उठवून आणत होत्या. देवळाच्या पुढचं पटांगण भरलं. नोंदवहीत सह्या आणि अंगठे इतके झाले की ग्रामसेवकांना पुरवणी पानं जोडावी लागली.

त्या सभेतला एक प्रसंग मी विसरणार नाही. आमच्या वाडीत अशी माणसं आहेत ज्यांची सोयरीक कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांत होती, ज्यांनी 1967 चा भूकंप पाहिलाय. एक म्हातारी उभी राहिली आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "आवो, परत पानी आडवनार का? परत जिमिनी जानार का?" सगळी सभा गप्प झाली. तुम्ही खुर्चीवरून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसलात. काडीने मातीत ओढा काढलात, गुडघ्याएवढा दगडी बांध, त्यातून निघालेला पाईप, खाली चाकाची खोली, आणि पाणी परत ओढ्यात. "आजी, माझं गाव शिवसागरात हाय," असं म्हणालात, "कुनाची वीतभर जमीन बुडनार असती तर मी हितं आलोच नसतो." म्हातारीने तुमच्या डोक्यावरून हात फिरवला. ठराव एकमताने झाला, पण माझ्या लेखी तो त्या मातीतल्या रेघांवर झाला होता.

तरी पुढे एका कार्यालयात फाईल अडकलीच. जलविद्युत म्हटल्यावर त्यांनी मोठ्या प्रकल्पाची कागदपत्रं मागितली: बुडीत क्षेत्र किती, विस्थापित कुटुंबं किती, पर्यावरण मंजुरी कुठंय. आम्ही रडकुंडीला आलो होतो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेची प्रत जोडलीत, ज्यात जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी 25 मेगावॅटपासून पुढे लागते, आणि सोबत एका ओळीचं पत्र: आमचा प्रकल्प सात किलोवॅटचा आहे. फाईल पुढे सरकली.

झाडाचंही लिहायलाच हवं. कायदा झाडं तोडायला मुभा देत होता, सरळ रेषेत पाईप नेला असता तर एक जुना हिरडा आणि दोन जांभळी जात होत्या. तुम्ही वनरक्षकांना घेऊन पुन्हा चुन्याची रेघ आखलीत. पाईपला दोन बाक वाढले, थोडा दाब बाकांत जाणार, थोडा खर्चही वाढला. पाहणी अहवालात झाडांच्या रकान्यात मात्र 'निरंक' लिहिलं गेलं. तो हिरडा आमच्या आजेसासूच्या आधीपासूनचा आहे, बायका अजून त्याच्याखाली हिरडे वेचतात.

आणि तो चेंजओव्हर स्विच. आम्हाला वाटायचं, वीज आली म्हणजे झालं, कुठल्या तारेतून आली याचं काय? तुम्ही नकाशात प्रत्येक घराच्या मीटरपाशी स्विच दाखवून घेतलात, म्हणजे एका वेळी एकच वीज घरात येईल, ओढ्याची तरी नाहीतर बाहेरची. नाहीतर बाहेरची लाईन बंद समजून खांबावर चढलेल्या लाईनमनला आपली वीज उलटी जाऊन धक्का बसेल. "आपल्या दिव्यापायी कुणाच्या घरचा दिवा विझता कामा नये," हे तुमचं वाक्य समितीच्या पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात शब्दशः लिहून ठेवलंय.

तात्या, तुम्ही येण्याजाण्याचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत. जेवायला बसवलं तर नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं एवढ्यावर समाधान. आमच्याकडे तुम्हाला द्यायला काही नाही, पण वाडीतल्या एकूणएक घरात तुमचं नाव निघतं ते घरच्या माणसासारखं. पाहणीला चढून आलेले वनपाल-वनरक्षक, ठरावाच्या प्रती रात्री बसून काढणारे ग्रामसेवक, यात्रेहून लगेच परत न फिरता सभेला थांबलेली मुंबईकर मंडळी, यांचेही आभार या पत्रात मानते.

आता कामाचं. दसऱ्याला पाऊस उघडला की बांधाचा पाया खणायला घेतोय. गाळ बसायची टाकी तुम्ही सांगितलीत त्यापेक्षा फूटभर लांब करावी असं गवंडी म्हणतो, पावसाळ्यात ओढा लाल होऊन येतो म्हणून. तुमचं मत कळवा. चाक चालवायला दोन पोरं आणि एक पोरगी तयार आहेत, पोरगी आयटीआय झालेली आहे. घरटी महिन्याला किती पैसे घ्यायचे यावर समितीत अजून एकमत नाही, तुम्ही आलात की ठरवू. विद्युत निरीक्षकांकडे द्यायचे नकाशे तुमच्या सहीसाठी एसटीने पाठवतेय. कराडहून सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. फाट्यावर घ्यायला गाडी पाठवते, यावेळी चढण चालत यायचं नाही.

आपली नम्र,
एक ग्रामपंचायत सदस्या
(वाडीतल्या सर्वांच्या वतीने)
ता. पाटण, जि. सातारा