ग्लासात सरबत होतं

लीड्सजवळून,
रविवार

तीर्थरूप बाबा व आईस, आजीस, भाऊ-वहिनीस नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, स्वेटर भरपूर आहेत, वजन कमी झालेलं नाही, मोबाईलच तसा दाखवतो. व्हिडिओ कॉलवर तुम्ही सगळे एकदम बोलता आणि नेमकी तेव्हाच तिकडची लाइन जाते, म्हणून यावेळी लिहूनच पाठवते आहे. पोट्ट्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं. मधलं गाळू नये, आणि आपल्या मनचं तर अजिबात घालू नये. ड्युटीचं काही लिहीत नाही, ते तुम्हाला पाठ आहे.

आधी त्या फोटोचं. मी दारूचा ग्लास घेऊन परक्या माणसाच्या बाजूला बसले आहे, असं मावशीच्या पोरानं फेसबुकवर पाहून जे सांगितलं, त्यातलं निम्मं त्याच्या डोक्यातलं आहे. ग्लासात सरबत होतं. इकडे एका झाडाची पांढरी फुलं साखरेच्या पाकात भिजवून त्याचं सरबत करतात, वास थोडा अत्तरासारखा येतो, मला काही ते फार आवडत नाही. माझ्या बाजूला बसलेले गृहस्थ सत्तरीच्या पुढचे आहेत, पोस्टातून रिटायर झालेले, नातवंडंवाले. मी मनात त्यांना काकाजीच म्हणते. बाकी सगळ्या बाया. जागा म्हणजे लायब्ररीचा हॉल, वेळ संध्याकाळची, आणि परत येताना त्यातल्याच एक बाई मला दारापर्यंत गाडीनं सोडतात आणि मी आत जाऊन दिवा लावेपर्यंत हलत नाहीत. आई, याहून जास्त तूही काय केलं असतंस?

आता त्यातलं जे खरं आहे ते. मी प्रेमकथा लिहिते. इंग्रजीत. नोकरी सांभाळून, रात्रपाळी नसेल तेव्हा. आणि ही सगळी मंडळी पण तेच लिहितात, काकाजीसुद्धा. ते तर बाईचं नाव घेऊन लिहितात, कारण प्रेमकथेवर पुरुषाचं नाव दिसलं की वाचणाऱ्या बाया पुस्तक खाली ठेवतात म्हणे. आई, तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारलंस, "कोणी आहे का?" कोणी नाही. खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्याला कोणी ठाण्यात नेऊन बसवत नाही, मग प्रेमाच्या लिहिणारीकडेच सगळे असे काऊन पाहतात?

तसं पाहिलं तर सुरुवात तुझ्यापासून आहे. तू चुलीपुढे दिवाळी अंक वाचायचीस आणि आजीची चाहूल लागली की त्यावर परात ठेवायचीस. मी नागपूरला नर्सिंगच्या होस्टेलवर असताना बर्डीच्या फुटपाथवरून मिल्स अँड बून कंपनीची प्रेमकथांची जुनी पुस्तकं आणायची आणि पेपरचं कव्हर घालून त्यावर 'शरीररचनाशास्त्र' लिहायची. (बाबा, अभ्यास पण केला. पास झाले ना?) ती कंपनी १९०८ सालची आहे. आपल्याकडे 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला १९०९ ला. म्हणजे लोकांनी लपवून वाचायचं सामान दोन्हीकडे जवळपास बरोबरच तयार झालं.

या गटात कोण कोण आहेत ते सांगते, म्हणजे तुमचा जीव खाली पडेल. एक बाई शाळेची बस चालवतात. एक जनावरांच्या दवाखान्यात काउंटरवर असते. एकीला तीन लेकरं आहेत, ती पोरं पोहायला गेली की बाहेर गाडीत बसून तेवढ्या वेळात लिहिते, स्टिअरिंगवर वही ठेवून. सगळ्यात थोरल्या आहेत त्यांनी आयुष्यभर हेच केलं, त्यांच्या पुस्तकांनी घरातलं एक कपाट भरलं आहे, आणि तरी दर वेळी नवीन प्रकरण वाचताना त्यांचा कागद थरथरतो. सगळ्यांना एकाच दोन-चार प्रकाशकांकडे जायचं आहे. आपल्याकडे एका सोसायटीच्या निवडणुकीत चार उभे राहिले तर चुलतभाऊ एकमेकांकडे पाणी पीत नाहीत. इथे मात्र कोणत्या संपादिकेला सध्या कसली गोष्ट हवी आहे, ते ज्याला कळतं तो येऊन सगळ्यांना सांगतो. मला आधी वाटलं, यात काहीतरी डाव असणार. नव्हता. नकाराचं पत्र आलं तर विचारतात, "कसं आलं? कोरं, की कारण लिहून?" कारण लिहून आलं असेल तर टाळ्या वाजवतात, कारण संपादकानं तुझ्यासाठी वेळ काढला. माझं पहिलं कोरंच आलं. टाळ्या नाहीत, पण केकचा तुकडा मोठा मिळाला.

एक गोष्ट मात्र मला अजून उमगली नाही, ती म्हणजे यांची चिठ्ठ्यांची सोडत. रॅफल म्हणतात. हॉलचं भाडं द्यायचं असतं, हे आपण समजू शकतो. आपण काय करू? माणशी वर्गणी काढू, वहीत लिहू, विषय संपला. हे तसं करत नाहीत. प्रत्येकानं घरून एकेक वस्तू आणायची: साबण, बिस्किटाचा डबा, मेणबत्ती, अंघोळीच्या पाण्यात टाकायचं वासाचं मीठ. त्या वस्तू टेबलावर मांडायच्या. मग त्याच माणसांनी पैसे देऊन चिठ्ठ्या विकत घ्यायच्या, एक पौंडाला पाच, गुलाबी नाहीतर हिरव्या रंगाच्या. शेवटी एका वाडग्यातून चिठ्ठी काढतात आणि नंबर पुकारतात. पण नुसता नंबर नाही, आधी रंग, मग नंबर, आणि तोवर सगळे श्वास रोखून बसतात, जणू जमिनीची मोजणी चालली आहे. ज्याचा नंबर लागेल त्यानं टेबलाजवळ जायचं, सगळ्यात चांगली वस्तू घ्यायची नाही, दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची घ्यायची, आणि "अरे वा, मला हेच हवं होतं" म्हणायचं. आपणच आणलेली वस्तू आपल्यालाच लागली तर ती परत ठेवायची. ते वासाचं मीठ मी आल्यापासून फिरतंय, कोणी उघडलेलं नाही. मी एकदा विचारलं, सरळ पैसेच का नाही गोळा करत? सगळ्या गप्प. मग बसवाल्या बाई म्हणाल्या, "पण मग रॅफल कशी होईल?" यावर काय बोलणार, बाप्पा.

इकडे या लेखकांची संघटना आहे, रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन, १९६० सालची. त्या काळी हे लिहिणाऱ्यांना बाकीचे लेखक पंगतीत घेत नव्हते, म्हणून यांनी आपली पंगत वेगळी मांडली. त्यांची नवीन लोकांसाठी योजना आहे, ती पण १९६० च्या दशकातलीच. जागा मोजक्या असतात. ज्याचं पुस्तक अजून निघालेलं नाही त्यानं आपली कादंबरी ऑगस्टअखेर द्यायची, आणि पुस्तकं निघालेला कोणीतरी लेखक ती पूर्ण वाचून अहवाल लिहितो. कोणी वाचली ते कळत नाही. या योजनेतून गेलेल्यांच्या पहिल्या पुस्तकांसाठी दरवर्षी एक पुरस्कारही असतो. मला जागा मिळाली. कादंबरी दिली. अहवाल आला.

तो सांगण्याआधी गोष्ट काय आहे ते सांगते, नाहीतर भलतंच समजाल. माझी नायिका ब्रह्मपुरीच्या स्टँडवर उभी आहे. नागपूरची गाडी लागते, गर्दी तुटून पडते. एक पोट्टा खिडकीतून आत रुमाल टाकतो, जागा धरतो, आणि चढल्यावर तिला तिथे बसवून स्वतः नागभीडपर्यंत उभा राहतो. बोलणं काहीच नाही. तो उतरून जातो, रुमाल सीटवरच राहतो. एवढंच प्रकरण. हे मी गटात वाचलं तर अर्धा तास नुसता रुमालावर वाद. रुमाल टाकला म्हणून जागा त्याची कशी झाली? दुसऱ्यानं उचलून फेकला तर? मी म्हटलं, भांडण होतं. निवाडा कोण करतं, कंडक्टर? मी म्हटलं, कंडक्टर त्यात पडत नाही. थोरल्या बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग बसवाल्या बाई म्हणाल्या, "ती तो रुमाल धुवून इस्त्री करून ठेवेल, आणि परत कसा द्यायचा हे तिला कळणार नाही. तुझं दुसरं प्रकरण तिथे आहे." आणि खरंच तिथेच होतं. त्यांनी ते स्वतःच्या गोष्टीत वापरलं असतं तरी मला कळलं नसतं. (तो रुमाल कोणाचा, असं विचारू नका. कोणाचा नाही.)

अहवालात रुमालाचं कौतुक आहे, रोवणीच्या पावसाचंही आहे. तक्रार एक आहे, आणि ती मोठी आहे: नायकापेक्षा नायिकेची आई जास्त जिवंत वाटते. ती स्वयंपाकघरातून एक वाक्य बोलते आणि नायक पानभर बोलून फिका पडतो, तेव्हा तिला थोडी मागे न्यावी. आई, मी चार ठिकाणी तुला मागे नेऊन पाहिलं. दोन ठिकाणी जमलं. परातीचा प्रसंग तसाच ठेवला आहे, नायकाचं नायकानं पाहावं.

बाबा, तुम्ही म्हणता, "प्रेमाच्या गोष्टीचा शेवट ठाण्यात नाहीतर कोर्टात होतो." या धंद्यात नियमच आहे की शेवट गोड पाहिजे. मध्ये कितीही रडवा, शेवटी दोघं एकत्र आणि पुढे बरं होईल असं वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे. नाहीतर तिला यांच्यात प्रेमकथा म्हणतच नाहीत. तुम्हाला हे पोरकट वाटत असेल. पण दिवाळीनंतरच्या जत्रेत, आपल्या मंडईत, वडश्याच्या कंपनीचं नाटक रात्रभर तणसावर बसून पाहून, शेवटी पोरीला तिचा माणूस मिळाला नाही म्हणून लेखकाला शिव्या देत पहाटे घरी कोण आलं होतं? आणि नाटकवाल्यांना वाया गेलेले म्हणणारे गावात काय कमी होते? २०२३ मध्ये आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातले नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्याच लोकांनी चौकात पेढे खाल्ले. मला पद्मश्री नको आहे. लायब्ररीच्या फळीवर एक पुस्तक पाहिजे, त्यावर आपलं आडनाव पाहिजे. काकाजींसारखं दुसरं नाव घ्यायचं नाही.

यातून मिळतं किती, हा तुमचा खरा प्रश्न. आत्तापर्यंत काही नाही. गटातल्या बहुतेकांच्या नोकऱ्या आहेत आणि मी पण सोडणार नाही, काळजी करू नका. पण इथे १९७९ चा कायदा आहे, लायब्ररीतून कोणी पुस्तक घरी नेलं की लेखकाच्या नावावर काही पेन्स जमा होतात. कितीही मोठा लेखक असो, वर्षाला ६,६०० पौंडांच्या वर देत नाहीत, म्हणून लहानांच्याही वाट्याला काही येतं. काकाजींनी यंदा त्या पैशात समोरच्या दाराला रंग दिला.

आणि भाऊ, तुझ्यासाठी एक. बर्मिंगहॅमजवळ २००३ साली एक टोलरस्ता सुरू झाला. त्याच्या डांबरात मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख जुन्या पुस्तकांचा लगदा घातला आहे. त्यानं डांबर-खडी धरून राहते आणि गाड्यांचा आवाज कमी होतो. थोरल्या बाई म्हणतात, "तिथून जाताना मी गाडी हळू चालवते, खाली माझी एखादी नायिका असेल." आपल्या फाट्याच्या रोडवर कवितासंग्रह टाकून पाहा, नाहीतरी त्यात दुसरं काही टाकत नाहीत.

आता बाकीचं. ऑगस्टमध्ये कादंबरी पुरी करायला मी रजा घेतली, ती पगारी रजेतून गेली. म्हणून यंदा दिवाळीला आणि मंडईला येणं होत नाही. लिहायला सुट्टी मिळते आणि घरी यायला नाही, असं वहिनी म्हणेल. म्हणू दे. आजीचं डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत मी आल्यावर करा. किंवा नको, थांबू नका, आत्ताच करून घ्या, तिला धान निवडताना दिसत नाही म्हणालात ते डोक्यातून जात नाही. मी जानेवारीत येतेच आहे, पगार झाला की तिकीट काढते.

पैसे पाठवले आहेत. यावेळी थोडे कमी आहेत, लॅपटॉप दुरुस्त करावा लागला, पुढच्या महिन्यात भरून काढते. सोसायटीचं कर्ज आधी भरा, धानाच्या चुकाऱ्याची वाट पाहू नका. आजीच्या डोळ्याचे वेगळे पाठवीन, ते ट्रॅक्टरच्या हप्त्यात घालू नका.

गडचिरोलीच्या स्थळाचं: मी नाही म्हणत नाही. मुलगा बँकेत आहे, घर चांगलं आहे, फोटोत सरळ उभा आहे, सगळं ठीक. पण बायोडाटात छंदाच्या रकान्यात वहिनीनं 'वाचन, पाककला' लिहिलं आहे, तिथे 'लेखन' घाला. कसलं लेखन म्हणून विचारतील. प्रेमकथा म्हणून सरळ सांगा, कादंबरी धार्मिक आहे वगैरे म्हणू नका. बाबांना जड जात असेल तर भाऊनं सांगावं. ऐकून त्यांनी चहा अर्धा सोडला तर सोडू द्या. पुरा प्यायले तर जानेवारीतली तारीख द्या.

तुमची,
लहानी

ता. क. बायोडाटात उंची पाच फूट चार इंच लिहिली आहे. मी पाच फूट एक आहे. ते पण दुरुस्त करा, त्यांच्या घरचे दार मोजायला बसणार नाहीत पण माणूस मोजतीलच.