खोल समुद्रात पाणबुडे पाइप जोडत नाहीत

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीतला खोल समुद्रातील तेलउत्पादनावरचा लेख वाचला. हा विषय आपल्या जिल्ह्यातल्या मुलांपर्यंत गेला हे चांगलेच. पण ‘पाणबुडे तळाशी उतरून पाइप जोडतात’ हे वाक्य आणि शेजारची पाणबुडा कोर्सची चौकट दिशाभूल करणारी आहे. मुंबई हायला पाणी ७५ मीटरच्या आसपास, तिथे ते चालते. तीनशे मीटरच्या खाली मात्र माणूस सहसा उतरवत नाहीत. तिथे पाना फिरवतो तो जहाजावरून चालवलेला आरओव्ही, म्हणजे पाण्याखालचा दूरनियंत्रित यंत्रमानव. ओएनजीसीने बंगालच्या उपसागरातल्या केजी (कृष्णा-गोदावरी) ९८/२ या खोल समुद्रातल्या तेलक्षेत्रातून जानेवारी २०२४ मध्ये सुरू केलेले तेल पायांवर उभ्या फलाटावर नव्हे, तरंगत्या जहाजावर येते.

टेंभू-म्हैसाळच्या उपसा सिंचन पट्ट्यात ‘रायझिंग मेन’, म्हणजे पाणी वर चढवणारी नळी, कुणाला समजावून सांगावी लागत नाही. समुद्रतळापासून जहाजापर्यंत तेल वर आणणारी नळी म्हणजे रायझर. तो तेच काम करतो, फक्त त्याचे वरचे टोक लाटांबरोबर सतत हलत असते. म्हणून लवचिक रायझर थरांचा बनवतात: आत पाण्याच्या दाबाने चपटा होऊ नये म्हणून स्टीलच्या पट्टीचे कवच, त्यावर गळती रोखणारे प्लास्टिक, मग दाब आणि ताण पेलणाऱ्या पोलादी तारा, बाहेर पुन्हा प्लास्टिक. अंबिलिकल म्हणजे अक्षरशः नाळ. विहिरीवरच्या व्हॉल्व्हना लागणारे हायड्रॉलिक तेल, वीज, सिग्नल, आणि मेण वा बर्फासारखे हायड्रेट साचू नये म्हणून द्यायची रसायने, हे सगळे एकाच जाड केबलमधून खाली जाते.

या नळ्या-केबलांचे नुकसान बहुतेक वेळा त्या समुद्रात टाकतानाच होते. ठिबकच्या लॅटरलचे बंडल आडवे ठेवून टोक ओढले की दर वेढ्याला एक पीळ बसतो आणि शेवटी नळी मुरडते, हे द्राक्षबागायतदाराला ठाऊक आहे. अंबिलिकल याच कारणासाठी फिरत्या चकतीवर गुंडाळतात आणि चकती फिरवतच सोडतात. पुढे ती टेन्शनरच्या, म्हणजे केबल दाबून धरत हळूहळू खाली सोडणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्यांमधून जाते, आणि खरी कसोटी तिथे. पाण्यातले वजन मीटरला २५ किलो धरले तर हजार मीटरला २५ टन होतात. घर्षणगुणांक ०.१ असेल तर नुसते धरून ठेवायलाच एकूण २५० टनांची पकड हवी, जहाजाच्या हिंदोळ्याचा भार वेगळा. पकड कमी पडली तर केबल घसरते, जास्त झाली तर आतल्या नळ्या चेपतात. म्हणून टेन्शनरची लांबी वाढवून तीच पकड जास्त मीटरवर वाटतात.

तळाला टेकण्याच्या जागेवर आरओव्हीचा कॅमेरा सतत असतो. जहाज थांबले आणि केबल सुटत राहिली, तर तिथे ढिलाई येऊन ठरलेल्या त्रिज्येपेक्षा तीव्र वाक किंवा वेटोळे पडते. जहाज पुढे पळाले तर ताण वाढतो. टोकाचा जोडपेटारा लाटांच्या पट्ट्यातून खाली उतरवणे हे सर्वांत नाजूक काम, कारण बारीक दोरीला टांगलेल्या दगडासारखा तो झोके घेतो.

दुसरे टोक उत्पादन-जहाजाच्या विंचने त्या जहाजाला बसवलेल्या मार्गदर्शक नळीतून वर ओढतात. भार एका जहाजावरून दुसऱ्यावर जाताना दोन्हीकडचे आकडे जुळलेच पाहिजेत. नळीच्या कर्ण्यासारख्या तोंडाशी बाहेरचे आवरण खरवडले जाणे ही नेहमीची चूक, आणि ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. रायझरच्या बाबतीत त्या ओरखड्यातून पाणी तारांपर्यंत पोहोचते, त्या गंजतात आणि वारंवार वाकून तुटतात. म्हणूनच आवरणाखालच्या पोकळीची व्हॅक्यूम किंवा नायट्रोजन चाचणी ओढण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा करावी. एकदाच केली तर इजा कुठे झाली ते कळत नाही.

अंबिलिकलमधील वीज आणि फायबर टाकतानाच तपासत राहतात. हायड्रॉलिक नळ्या शेवटी तेल ठरलेल्या स्वच्छतेचे येईपर्यंत धुतात, कारण व्हॉल्व्हच्या बारीक वाटा किरकोळ कचऱ्यानेही अडतात. बंगालच्या उपसागरात पावसाळा आणि वादळांचे महिने वगळून हे सारे उरकावे लागते, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा त्या चौकटीत पाणबुड्याबरोबरच आरओव्ही चालक, हायड्रॉलिक फिटर आणि केबल जोडणारा तंत्रज्ञ हेही छापावे, ही विनंती. यातल्या दोघांची सुरुवात आयटीआयपासून होऊ शकते.

– एक अभियंता वाचक, विश्रामबाग, सांगली