केबिनमधल्या ऑपरेटरचं कोण लिहिणार?

मा. संपादक,
जुन्या टॉकीजवर लिहायचं म्हटलं की सगळे हिरो-हिरॉईनचंच लिहितात, म्हणून हे पत्र. १९२९ ला प्रभात कंपनी ज्या कोल्हापुरात निघाली तिथल्याच एका टॉकीजला मी ऑपरेटर, म्हणजे केबिनमध्ये सिनेमाचं मशीन चालवणारा, होतो. मशीनमध्ये उजेडासाठी कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या, झिजतील तशा जवळ घ्यायच्या, अंतर चुकलं की पडदा अंधारला आणि खालनं शिट्ट्या सुरू! हजार फुटाचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं, म्हणून आम्ही दोन-दोन जोडून लावायचो, मग पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं मशीन चालू, पब्लिकला पत्ता नाही. पगार कधी वेळेवर नसायचा ते सोडा. लावणीला पडद्यावर चिल्लर उडायची ती झाडूवाल्या मावशींची. आता ती मशिनं भंगारात चाललीत, एखादं तरी शाहू स्मारक भवनात ठेवा की राव.

– एक माजी ऑपरेटर, कोल्हापूर