शाळा आधी ठरव, खोली मागून

प्रिय ताई,

काल फोनवर तू बोलायलीस अन् मागं तुझ्या मैत्रिणींचा गलका, मला निम्मं ऐकूच आलं नाही, त्यात तुझी आई मधी मधी "जेवली का विचारा" म्हणायली, म्हणून आज निवांत बसून लिहायलोय. लांबलचक होईल पण पूर्ण वाच.

मला समजलं ते असं की बीएडच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत जाऊन शिकवायच्या सरावासाठी, कॉलेजनं तीन शाळा समोर ठेवल्यात, सोमवारपर्यंत नाव द्यायचंय, अन् तुझं म्हणणं की अण्णा आधी खोली भेटू द्या मग तिच्या जवळची शाळा घेते. बाळा हे उलटं चाललंय. शाळा आधी ठरव, खोली मागून. अन् खोलीचं अंतर शाळेपासून मोज, कॉलेजपासून नको.

तुझ्या मावशीनं बीएड केलं तेव्हा ते एका वर्षाचं होतं, पाठ पण कसेबसे उरकायचे. 2015 पासून दोन वर्षाचं झालं अन् त्यात शाळेचे 20 आठवडे धरले, पहिल्या वर्षी चार अन् दुसऱ्या वर्षी 16. ते चार तुझे झाले, ते पाहुण्यासारखे जातात. हे 16 मात्र खरे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 96 दिवस, अन् बाकी हजेरी 80 टक्के चालते पण आंतरवासितेला 90 टक्के लागते, म्हणजे सगळ्या मिळून नऊ दिवसाच्या वर गैरहजर राहता येत नाही. ताप आला, कोणाचं लग्न निघालं, गाडी चुकली, सगळं त्या नऊ दिवसात. म्हणून म्हणतो की खोली लांब घेतली अन् रोज गाडी बदलून जायचं ठेवलं तर हे नऊ दिवस पहिल्या दोन महिन्यातच संपतेत.

आता शाळा. पहिली ती लातूर शहरातली मोठी, जिथं तुझ्या सगळ्या मैत्रिणी चालल्यात. शाळा चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण तूच म्हणलीस की दोन-तीन कॉलेजचे मिळून चौदा छात्राध्यापक, म्हणजे तुझ्यासारखे शिकाऊ शिक्षक, तिथं येणार. तुझ्या मेथड, म्हणजे शिकवायचे विषय, मराठी अन् इतिहास. दहावी तुम्हाला कोणी देणार नाही, बोर्डाचा वर्ग आहे, ते बरोबरच आहे. मग आठवी-नववीच्या तासिका चौदा जणांत वाटल्या तर तुझ्या वाट्याला आठवड्याला किती येतील तूच बोटावर मोज. बाकीचा वेळ स्टाफरूममध्ये बसून वह्या सजवणं.

दुसऱ्या शाळेचं मला ऐकूनच वाईट वाटलं. तिथला क्लार्क म्हणतो मॅडम रोज यायची गरज नाही, शेवटच्या आठवड्यात वही घेऊन या, सह्या शिक्के करून देतो. ताई, त्या शाळेचं नाव पण काढू नको. कोण जातंय कोण नाही ते आपण बघायचं नाही, पण तू जायचं नाही. मी नोकरीत असताना असं कागदावरच शिकून आलेलं एक पोरगं आमच्या शाळेवर रुजू झालं होतं. हुशार होतं, शिक्षक पात्रतेची टीईटी परीक्षा पास, गणित तोंडपाठ. पण सहावीच्या वर्गात उभं राहिलं की नजर मागच्या भिंतीवर. लेकरं समोर बसलेत ते त्याला दिसायचंच नाही. त्याला सावरायला पूर्ण वर्ष गेलं, अन् ते वर्ष त्या सहावीच्या चाळीस लेकरांचं गेलं, याचं मला आजही दुःख होतं.

तिसरी ती औशाच्या पुढची झेडपीची हायस्कूल. तू म्हणलीस खेड्यात कोण जाईल. पण तुला तिथल्या सरांनी सांगितलं ना की इतिहासाची जागा रिकामी आहे? मग तिथं तासिका मागाव्या लागणार नाहीत, समोरून येतील. फक्त एक जप, रिकाम्या जागेवर फुकटचा शिक्षक भेटला म्हणून ते तुला सकाळपासून सगळ्या वर्गांवर पाठवतील. पहिल्या दिवशीच मुख्याध्यापकांना गोड बोलून सांग की माझे दोन्ही मेथडचे पाठ, दुसऱ्यांच्या पाठांचं निरीक्षण, घटक चाचणी, कृती संशोधन हे सगळं वेळापत्रकात बसवून द्या, मग ऑफ तासाला कुठं पण जाते. हजेरीपट, जनरल रजिस्टर कसं भरतेत ते बघ. आठवीपर्यंतच्या लेकरांना पोषण आहार असतो, एखाद्या दिवशी तांदूळ मोजताना उभी राहा, किती लेकरं अन् किती तांदूळ याचा मेळ घालणं हे पण मास्तरकीत येतं. अन् दिवाळीनंतर काही बाक रिकामे दिसले तर घाबरू नको. आपल्या गंगाखेड-बीडकडं तर ऊसतोडीला गावंच्या गावं जातेत, तिकडं पण थोडं असेलच. त्या लेकरांची चौकशी कर, कोण आजीपाशी राहिलं, कोण आईबापासंग गेलं. तुमच्या त्या केस स्टडीला याच्याहून खरा विषय नाही.

झेडपीची शाळा आहे म्हणून एक लक्षात ठेव, कॉलेजनं शिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र दिलं का ते आधी विचार. नुसतं मुख्याध्यापकांच्या तोंडी हो वर राहू नको.

आता तुझ्या आईला आवडणार नाही ते. ती म्हणायली, मामाच्या घरी लातूरला राहा, भाडं वाचतं, जेवण घरचं, पोरीची जात बाहेर कुठं ठेवायची. मी तिला काही बोललो नाही, पण तुला सांगतो.

1987 ला मी डीएडला परभणीला होतो. घरी पैसा नव्हता म्हणून तुझ्या आजोबानं मला आत्याच्या घरी ठेवलं. आत्यानं लय जीव लावला, तिचा काही दोष नाही. पण आत्याच्या नवऱ्याची, मामांची, पिठाची गिरणी होती अन् सराव शाळेतून आलं की मी गिरणीवर. नऊला गिरणी बंद, अंगावरचं पीठ झटकायचं, जेवायचं, मग घरातले सगळे एकाच खोलीत झोपणार म्हणून लाईट बंद. टाचण, म्हणजे पाठाची आखणी, लिहायला ना जागा ना वेळ. सातवीवर भूगोलाचा पाठ होता, मोसमी वारे. मी मागच्या वर्षीच्या एका पोराच्या वहीतून टाचण जसंच्या तसं उतरवलं. तक्ता मात्र भारी केला होता, निळ्या बाणांचा. पाठ चालू असताना तिसऱ्या बाकावरचा पोरगा उठला अन् म्हणला, "गुरुजी, वारं समुद्राकून पाणी आणतंय म्हणता, मग आपल्या गावाला येईस्तोर ते कुठं सांडतंय?"

मला उत्तर आलं नाही. वर्ग गप्प, मी गप्प, हातातला खडू ओला झालेला. मागं बसलेले आमचे सर उठून आले, फळ्याच्या कोपऱ्यात एक चढ-उताराची रेघ मारली, हा सह्याद्री, ढग डोंगर चढताना इकडं कोकणात अन् घाटावर रिकामे होतेत, पलीकडं उतरतेत तेव्हा त्यांच्यात फार काही राहिलेलं नसतं, अन् त्या पलीकडं आपण. पर्जन्यछाया. दोन मिनिटात त्या पोराला पटलं. बाहेर आल्यावर सर मला रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "टाचण दुसऱ्याचं आहे ना?" त्याच हप्त्यात मी आत्याला सांगून शाळेच्या मागल्या गल्लीत तिघात एक खोली घेतली, महिना साठ रुपये. आत्या रडली. मला पण वाईट वाटलं. पण तिथून पुढचं प्रत्येक टाचण माझं होतं.

मामाच्या घरी तुला गिरणी नाही, पण मामीच्या दोन लेकरांचा अभ्यास घ्यावा लागेल, पाहुणे येतील, तुला नाही म्हणता येणार नाही. तू घरातली पोरगी आहेस, कुठल्या तोंडानं म्हणशील मला उद्याचा पाठ काढायचाय?

लातूरमध्ये खोली का भेटत नाही ते मला माहीत आहे. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेची लेकरं जूनमध्येच सगळ्या खोल्या भरतेत, मालक पूर्ण वर्षाचं बोलून घेतेत, चार महिन्यासाठी कोण देणार? म्हणून औशात बघ. लातूरपासून वीसेक किलोमीटर, कॉलेजात सबमिशनला जायचं म्हणलं तर एसटी आहे अन् बायकांना 2023 पासून अर्धंच तिकीट आहे. औशातून शाळा सहा किलोमीटर. परिपाठाच्या आधी पोहोचणारी गाडी कोणती ते कंडक्टरला विचार, मालकाला नको, मालक खोली खपवण्यासाठी काही पण सांगतो.

खोली बघायला दुपारी जाऊ नको, संध्याकाळी सातनंतर जा. तेव्हा गल्ली कशी आहे, दिव्यावर उजेड आहे का, शेजारी टीव्ही किती मोठा लावतेत ते कळतं. नळाला पाणी किती दिवसाला येतं अन् बोअर आहे का ते शेजारणीला विचार. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपण पाहिलंय, त्या भागात पाण्याचं विचारायला लाजायचं नाही. बाथरूम आतून लागतं का स्वतः लावून बघ. दिवाळीच्या सुट्टीचं भाडं आधीच बोलून घे, तू घरी येणार अन् खोली बंद राहणार, निम्मं तरी सोडतेत. भाडं दिलं की कागदावर सही घे. तुझ्यासंग राहणार म्हणतीय त्या मैत्रिणीला शासकीय वसतिगृह भेटलं नाही म्हणलीस ना, तिला राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणाऱ्या सरकारच्या स्वाधार योजनेचा फॉर्म भरायला सांग, अनुसूचित जातीच्या अन् नवबौद्ध लेकरांसाठी आहे तो, अन् त्याला भाड्याचा करारनामा लागेल, तो तिच्या नावानं करून घ्या. दोघींचं मिळून केलंत तर भाड्याचं ओझं राहत नाही. माझ्या पेन्शनचा विचार तू करू नको, ते माझं मी बघतो.

आईला मी समजावतो. मामाला मात्र तूच फोन कर, मी केला तर त्याला वाटेल दाजींनीच नको म्हणलं. दर पंधरा दिवसाला रविवारी जेवायला येईन म्हण, अन् खरंच जा.

शनिवारी सकाळी मी निघतो. संध्याकाळी औशाच्या स्टँडवर भेटू, खोल्या सोबत बघू. माझा जुना गुंडाळी फळा माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय, एका कोपऱ्याचा काळा रंग निघालाय तेवढा परत लावतो अन् घेऊन येतो. आईनं धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधायचं म्हणलंय, चार दिवस पुरेल. बकेट-मग तिकडंच घेऊ.

सोमवारी फॉर्मवर नाव लिहिलं की मला मेसेज टाक.

तुझा
अण्णा