जिनिव्हाच्या ताई, तुमचा कोट मिळाला ना?

ताई नमस्कार,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. फोन नंबर तुम्ही फार्मसीच्या पावतीमागे लिहून दिला होता आणि ती पावती माझ्या जीन्सच्या खिशात होती आणि ती जीन्स पुण्याला आल्या आल्या मशीनमध्ये गेली, पुढचं सांगायला नको. म्हणून हे असं उघड पत्र लिहितेय. फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचलं तर बरंच, नाही पोचलं तरी लिहून टाकते, कारण आई रोज विचारते, "त्या पोरीला कळवलंस का?"

आठवतंय का, गेल्या एप्रिलमधला ईस्टरचा रविवार, पाकी भागातला ट्रामचा स्टॉप, संध्याकाळचे पाच-साडेपाच, आणि एक नऊवारी नसली तरी तितकीच ठसकेबाज बाई भर रस्त्यात ओरडतेय, "कुठल्या स्मशानात आणलंस गं मला, एक दुकान उघडं नाही!" ती माझी आई. आणि मागून तुम्ही हसलात आणि म्हणालात, "काकू, आज रविवार, उद्या ईस्टर मंडे, दोन्ही दिवस असंच." मला तेव्हा जे वाटलं ते मी सांगू शकत नाही. देव वगैरे म्हणत नाही, पण ठाण्याचं माहेर असलेली बाई त्या क्षणी त्या स्टॉपवर उभी असणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

सहा महिने मी प्लॅनिंग केलं होतं हो. एक्सेल शीट, स्टेशनपासून हॉटेल किती मिनिटं, सगळं. फक्त ईस्टर कधी आहे ते बघितलं नाही. आणि त्यात आमच्या दोन्ही बॅगा आल्याच नाहीत, विमान कंपनीच्या काउंटरवर फॉर्म भरून रिकाम्या हाताने बाहेर पडलो. आईच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत. ही चूक माझीच, गोळ्या हातातल्या पर्समध्येच ठेवायच्या असतात हे मी दहा लोकांना सांगितलेलं आहे. सकाळची गोळी प्रवासात चुकली होती, संध्याकाळ झाली होती, आणि आईचे कान लाल व्हायला लागले की मला कळतं.

तुम्ही एवढंच विचारलंत, "प्रिस्क्रिप्शनचा फोटो आहे का?" व्हॉट्सअॅपवर होता, भावाने कधीतरी पाठवलेला. मग तुम्ही फोनवर शोधून आम्हाला त्या दिवशीच्या ड्युटीवरच्या फार्मसीत नेलंत, तो हिरवा क्रॉस लुकलुकत होता तिथे. मी आपली गोळीचं आपल्याकडचं कंपनीचं नाव सांगत बसले, त्या बाईंना काहीच कळेना. तुम्ही फोटो झूम करून खालची बारीक अक्षरं वाचलीत, टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. औषधाचं मूळ नाव बहुतेक सगळीकडे एकच असतं, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. त्यांनी आधी आईचं बीपी मोजलं, वरचा आकडा 168 आला. तुम्ही फ्रेंचमधून मराठीत आणि मराठीतून फ्रेंचमध्ये असं करत होतात आणि आई मध्येच म्हणाली, "तिला सांग, चालून आलेय म्हणून वाढलंय." तुम्ही ते खरंच सांगितलंत. त्या बाई हसल्या पण गोळी दिलीच, अगदी मोजक्या दिवसांची. रविवारचा वेगळा चार्ज लागला तेव्हा आईने मनातल्या मनात फ्रँकला शंभराने गुणलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर तुम्ही पाहिली नाहीत ते बरं.

आणि मग बाहेर आलो तर तो वारा. बीझ म्हणतात त्याला, हे तुम्हीच सांगितलंत. ईशान्येकडून येतो आणि सरोवरावरून सरळ शहरात घुसतो. मी एप्रिल म्हणजे वसंत, फुलं, गुलाबी फोटो असं धरून चालले होते. फुलं होतीही, इंग्लिश गार्डनमधलं ते 1955 सालचं फुलांचं घड्याळ नंतर बघितलं, ठीक आहे, फोटो काढायची लाइन मोठी. पण त्या वाऱ्याने साडीतून हाडापर्यंत थंडी जात होती आणि आईच्या अंगावर विमानात घातलेला एक पातळ स्वेटर. तुम्ही चालता चालता अंगातला कोट काढलात आणि तिच्या खांद्यावर टाकलात. "माझं घर दोन मिनिटांवर आहे काकू, जाताना हॉटेलच्या रिसेप्शनला ठेवून जा, मी घेऊन जाईन." एवढं बोलून, स्टेशनातलं सुपरमार्केट रविवारी पण चालू असतं ते सांगून, तुम्ही हात चोळत पळत गेलात. आम्ही नीट थँक्यू पण म्हटलं नाही.

आता त्या कोटाने काय काय पाहिलं ते ऐका.

सोमवारी सगळं बंद, म्हणून तुम्ही सांगितलं तसं जुन्या गावात वर चढून त्रेय नावाच्या त्या फिरायच्या जागी, झाडांच्या रांगेत गेलो. ते लांबलचक लाकडी बाकडं, सव्वाशे मीटरच्या आसपास असेल, समोर सालेव डोंगर, जो म्हणे फ्रान्समध्ये आहे. आणि ते चेस्टनटचं झाड. मला वाटलं तुम्ही गंमत करताय, पण नाही, खरंच तिथल्या संसदेचा सचिव दर वसंतात त्या एका झाडाकडे लक्ष ठेवतो आणि पहिलं पान उघडलं की तारीख लिहून ठेवतो, 1818 पासून, आणि मग शहरात जाहीर होतं की वसंत आला. आई एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, तिला हे फार म्हणजे फार आवडलं. "आम्ही फळ्यावर पाऊस लिहायचो तसंच की," म्हणाली, आणि मग त्या झाडाखाली तुमचा कोट घट्ट ओढून अर्धा तास बसली, पंजासारखी पानं आणि पांढरे तुरे बघत. आता म्हणे पान बरंच लवकर फुटतं. आई म्हणाली, आपल्याकडे आंब्याच्या मोहोराचं पण तेच झालंय.

पण ती आली होती कारंज्यासाठी. हे तुम्हाला सांगायला वेळच मिळाला नाही. मी लहान असताना आमच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं, त्यात एप्रिलच्या पानावर जिनिव्हाचं कारंजं होतं, फ्रेंचमध्ये त्याला 'जे दो' म्हणतात. वर्ष संपलं तरी आईने ते पान कापून पिठाच्या डब्याच्या फळीवर चिकटवलं होतं, फोडणीचे डाग पडेपर्यंत. आणि इथे येऊन बघतो तर रविवारी बंद, सोमवारी बंद! वारा जास्त असला की ते चालू ठेवत नाहीत, पाणी रस्त्यावर येतं. आई काही बोलली नाही, ते जास्त वाईट.

मंगळवारी सकाळी वारा पडला. त्या लाल-पिवळ्या छोट्या बोटीने, हॉटेलने दिलेल्या फुकट पासावर, पलीकडे गेलो आणि दगडी धक्क्यावर चालत चालत पार जवळ. मी तिला वाचून दाखवत होते की बाई 140 मीटर जातं, सेकंदाला 500 लिटर पाणी, ताशी 200 किलोमीटरने सुटतं, आणि मुळात हे कारंजं नव्हतंच, 1886 मध्ये पाण्याच्या दाबावर कारागिरांची यंत्रं चालायची, संध्याकाळी त्यांनी यंत्रं बंद केली की वाढलेला दाब सोडायला जागा हवी म्हणून पाणी वर उडवायचे, मग लोकांना आवडलं म्हणून 1891 ला सरोवरात आणलं. मी वाचतेय आणि आई ऐकतच नाहीये. तोंड वर, चष्म्यावर थेंब, तुमच्या कोटाची बाही पूर्ण ओली. मग वळून म्हणाली, "कॅलेंडरात आवाज नव्हता."

खरंच मोठा आवाज आहे हो त्याचा. फोटोत कळत नाही.

बॅगा त्याच दिवशी दुपारी आल्या. बुधवारी निघताना कोट रेडिएटरवर वाळवून, घडी घालून, रिसेप्शनला ठेवला. वर लसणाच्या चटणीची पुडी, बॅग आल्यावर तीच द्यायच्या लायकीची निघाली, बाकी चिवड्याचा चुरा झाला होता. पुडीचा वास कोटाला लागला असेल तर माफ करा. आणि ती फार्मसीवाली बाई दिसली तर सांगा, घरी आल्यावर बीपी 132.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. कोटाच्या उजव्या खिशात एक चॉकलेटी, गुळगुळीत बी होती, चेस्टनटची, न खाण्याच्या जातीची. आईला ती पहिल्याच संध्याकाळी सापडली, दोन दिवस ती खिशात हात घालून तीच फिरवत होती. हॉटेलात नाश्ता देणाऱ्या आजींनी खुणा करून, गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं की जुनी माणसं संधिवात होऊ नये म्हणून ही खिशात बाळगतात. झालं! मी कोट दिला तेव्हा वाटलं बी खिशातच आहे. पुण्याला आल्यावर बघते तर आईच्या पर्समध्ये, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी. ओरडले तिला. तर म्हणे, "कोट परत दिला ना, मग?"

तुम्ही ती मुद्दाम ठेवली होती की गेल्या शरदात सहज उचललेली, माहीत नाही. तुमच्या गुडघ्यांसाठी असेल तर सांगा, मी दुसरी कुणाकडून तरी मागवते. ठाण्याला आलात की पुण्याला याच, जेवायलाच या, पण ती बी मागू नका, आई देणार नाही.

तुमची,
कारंजंवाल्या काकूंची मुलगी